तेविसावा खिळा

लाकूड कापायला काय अक्कल लागते, बटण दाबलं की मशीन कापते, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी म्हणतो, या साहेब, दाबा बटण. आणि मी चार पावलं मागे सरकून उभा राहतो. चाळीस वर्षं मी चिखलीत आरा मशीनवर काढली, त्यातली पहिली अकरा कडूबा उस्तादांच्या हाताखाली. बटण दाबणं हे त्या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे, हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि शिकताना पोटभर शिव्या खाल्ल्या.

उस्ताद मूळचे अमडापूरचे. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. गोड नाव ठेवलं तर यालाही नजर लागेल, म्हणून आईनं नाव ठेवलं कडूबा. माणूस जगला, आणि बोलणंही शेवटपर्यंत नावाला जागलं. घरचा धंदा करवतीचा. लाकूड उंच घोडीवर चढवायचं, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली, आणि माणसाच्या उंचीची करवत दोघांनी दिवसभर ओढायची. वर मोठा भाऊ असायचा, खाली कडूबा. वरच्याला आखलेली रेघ दिसते, खालच्याच्या डोळ्यांत नुसता भुसा पडतो. वीस वर्षं ते खाली उभे राहिले. डोळे कायमचे लाल झाले, पण हाताला लाकडातलं सगळं कळायला लागलं. गाठ कुठे आली, आत पोकळ कुठे आहे, वरचा भाऊ कधी दमला, हे त्यांना करवतीच्या मुठीतून समजायचं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी चिखलीच्या उकंडरावांनी विजेवर चालणारी आरा मशीन आणली. उकंडराव मोठे शेतीवाले, कापसावर पैसा झालेला, आणि नव्या वस्तूचा फार सोस. मशीन म्हणजे वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारं दातेरी पोलादी पातं. ओंडका ट्रॉलीवर बांधून त्या पात्यापुढून ढकलायचा. करवतीवाल्यांना चार दिवस लागायचे ते काम मशीन जेवणाच्या सुट्टीआधी संपवायची. गावातले सगळे करवतीवाले मशीनला शिव्या घालत घरी बसले. कडूबा तेवढे रोज सकाळी येऊन कुंपणाला टेकून उभे राहायचे. आठ दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. नवव्या दिवशी उकंडरावांना म्हणाले, "मालक, तुमचा मशीनवाला कोण्या दिवशी तरी मशीनमंदी जाईन. उपरणं लोंबवत फिरते तो."

उकंडरावांनी त्यांना हाकलून दिलं. त्याच आठवड्यात मशीनवाल्याचं उपरणं मोटारीच्या पट्ट्यात गेलं. माणूस वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तो आपल्या गावी निघून गेला. उकंडरावांनी दुसऱ्या दिवशी अमडापूरला गाडी पाठवली, कडूबांना आणायला. त्यांना पश्चात्ताप झाला होता की मशीन बंद पडल्याचं दुःख झालं होतं, ते मला आजवर सांगता येत नाही.

मी, पुंजाजी, चार वर्षांनी तिथे लागलो. वय तेवीस, नुकतंच लग्न झालेलं, हातात अजून हळदीचं कंकण. उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खिशातला चाकू काढून ते कंकण कापलं. गळ्यातला ताईत काढायला लावला, कानातली बाळी काढायला लावली, धोतराचा सोगा कमरेला घट्ट खोचायला लावला. पायात टायरच्या चपला घातल्याशिवाय आणि कोरड्या लाकडी फळीवर उभं राहिल्याशिवाय मशीनच्या बटणाला हात लावायचा नाही, असं बजावलं. ते स्वतः बिनबाह्यांची, बिननाड्यांची बंडी घालायचे. ती त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, मुद्दाम शिवलेली असायची. रुखमाबाई म्हणायची, "देवळात बी इतका सोवळ्यानं राह्यला असता माणूस, तं देव भेटला असता."

"देव बोटं नाई कापत," उस्ताद म्हणायचे.

माझी जागा मशीनच्या मागे. उस्ताद पुढून ओंडका ढकलायचे, मी मागून कापलेली फळी ओढून बाजूला घ्यायचो. लाकूड कापताना चीर मिटते आणि पातं आवळलं जातं, म्हणून पात्यामागे चिरेत लाकडी पाचर सारायची, हेही माझंच काम. कामाच्या वेळी बोलायचं नाही. त्यांनी हात वर केला की थांबायचं. बस्स, एवढीच भाषा.

पहिल्याच महिन्यात मी एक चूक केली. मशीन बंद केली होती, पट्टा उतरवला होता, आणि पात्याजवळ एक ढलपी अडकली होती. मी हात घातला. चाक आपल्या गतीनं अजून फिरत होतं. उस्तादांनी मागून बंडी धरून मला असं खेचलं की मी भुशात पडलो, आणि वर एक सणसणीत थप्पड मारली.

"बंद केली म्हंजे थांबली काय बे? इचार तिले, थांबली काय म्हणून. तिनं हाव म्हटल्यावर हात घाल."

त्या दिवसापासून पातं साफ करायचं असलं की ते आधी भिंतीवरच्या पेटीतून चिनी मातीचा फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवायचे. फ्यूज खिशात असला की जगातल्या कुणालाही ती मशीन चालू करता यायची नाही. मला राग आला होता थप्पडेचा, अजूनही थोडा आहे, पण माझी दहाही बोटं त्या थप्पडेची आहेत हेही मला मान्य आहे.

आता सांगतो ती गोष्ट सहासष्टच्या जानेवारीतली.

अमडापूरच्या पुढे एक खेडं आहे. नाव सांगत नाही, तिथे माझी सासुरवाडी आहे आणि मला अजून तिथे जेवायला जावं लागतं. त्या गावात शाळेच्या नव्या खोलीच्या भिंती उभ्या झाल्या होत्या. भिंती श्रमदानाच्या, पत्रे जिल्हा परिषदेचे, आणि पत्र्यांखालच्या तुळया गावानं द्यायच्या असं ठरलं होतं. सव्वीस जानेवारीला पंचायत समितीचे सभापती येऊन झेंडा लावणार होते. गावचे सरपंच जानराव, चाळिशीचा उमदा माणूस, बोलायला चांगला. अंगारे-धुपारे बंद करा, भगताच्या नादी लागू नका, असं तो चावडीवर भाषण करून सांगायचा. तो दोन गाड्यांना बैल जुंपून एक प्रचंड कडुनिंबाचा ओंडका घेऊन आला. अठरा फूट लांब, दोन माणसांच्या कवेत न मावणारा, साल काढून तासून गुळगुळीत केलेला. कडुनिंबाला वाळवी लागत नाही, शाळेला त्याहून चांगलं लाकूड नाही.

उस्ताद प्रत्येक लाकूडवाल्याला एकच प्रश्न विचारायचे.

"झाड कुठं उभं होतं?"

"माह्या बांधावर," जानराव म्हणाला. "एकदम साफ हाय. तुमी चढवा."

उस्ताद ओंडक्याभोवती फिरले. बुंध्याच्या कापावर उकिडवे बसले. तिथे लाकडात निळसर काळे ठिपके होते, कुणी शाई शिंपडल्यासारखे. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि ते ठिपके दाखवले.

"पुंज्या, लाकडात लोखंड रुतलं की त्याची शाई उतरते. शिरेशिरेनं खाली येते. याच्यात लय लोखंड हाय."

जानराव हसला. "झाड म्हातारं हाय उस्ताद, डाग पडतेच."

"म्हातारपणाचा डाग तांबडा राह्यते," उस्ताद म्हणाले आणि ओंडका तिथेच ठेवून विडी ओढायला गेले.

इथे एक सांगायला हवं. तसल्या पात्याचा दात फिरता फिरता खिळ्यावर आदळला, तर कधी नुसता दात जातो आणि कधी पातंच तुटतं. तुटलेलं पातं चाकावरून सुटून सटकन बाहेर येतं, आणि ते कुठे जाईल याचा नेम नसतो. जास्त करून मागे येतं. मागे मी उभा असायचो.

उकंडरावांनी सभापतींना शब्द दिला होता की तुळया आमच्या मशीनवर कापून वेळेत देतो. त्यांनी उस्तादांना बोलावून विचारलं, केव्हा चढवता. उस्ताद म्हणाले, झाडाचं खोड पाहून येतो, मग सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलवर डबलसीट घेतलं आणि आम्ही माझ्या सासुरवाडीला गेलो.

जानरावाच्या बांधावर कडुनिंबाचं खोड नव्हतंच. विचारत विचारत गेलो तर खोड सापडलं गावाच्या मसणवाटेवर. त्याच्याभोवती शेंदूर लावलेले दगड ओळीनं मांडलेले होते. ते काय आहे हे आमच्याकडच्या कुणालाही कळतं. पूर्वी कुणी बाळंतीण गेली, कुणी विहिरीत पडून गेलं, की त्या जिवानं घराला त्रास देऊ नये म्हणून भगत त्याला झाडाशी खिळून टाकायचा. एक जीव, एक लांब खिळा. आणि खिळा ठोकला की त्या घरानं झाडाखाली एक दगड मांडायचा. उस्तादांनी दगड मोजले. तेवीस भरले.

मी भुताखेतांना मानत नाही. पण भूत असो की नसो, खिळा असतोच.

तिथून आम्ही माझ्या सासूबाईंकडे, मंजुळाबाईंकडे गेलो. जावई अचानक आला म्हणून त्यांची धांदल उडाली. पाट मांडला, पिठलं टाकलं. उस्ताद ओसरीवर बसले आणि त्यांनी सरळ विचारलं, "बाई, त्या निंबाले कोणाकोणाचे खिळे हायेत?"

सासूबाईंनी पदर पुढे ओढला. "मले काय मालूम भाऊ. असन कोणाचं काही. सरपंचानं सांगतलं हाय, कोणी काही बोलू नोका म्हणून. चिखलीवाले लाकूड घेणार नाईत, शाळा राहून जाईन."

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नंतर कळलं की खिळ्यांची दिसणारी डोकी गावकऱ्यांनी छिन्नीनं तोडून टाकली होती, आणि वरून तासून लाकूड सारखं केलं होतं. चिमट्यानं धरून उपटायची सोयही ठेवली नव्हती. शाळेसाठी केलं होतं हो, वाईट मनानं नाही. पण अशी शहाणपणाची चूक आमचीच माणसं करू जाणोत.

उस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. "बाई, हा तुमचा जवाई. लाकूड मी पुढून ढकलतो, हा मांगं उभा राह्यते. पातं खिळ्यावर तुटलं तं पयले याले लागन. मले काई सांगू नोका. याच्याकडं पाहून ठरवा."

सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. माझी बायको गीता ही त्यांची एकुलती एक मुलगी. चुलीवरचं पिठलं खाली लागल्याचा वास यायला लागला, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एक माह्या जावेचा हाय. मी सोता उभी होती तवा. थांबा भाऊ, मी बायाईले बलावते."

दुपारी ओसरीवर वीसेक बाया जमल्या. पुरुषांपैकी कुणी आलं नाही. उस्तादांनी एक सरळ बांबूची काठी घेतली. ते म्हणाले, झाड कितीही वाढो, खिळा ठोकला त्या उंचीवरच राहतो, वर सरकत नाही. मग एकेक बाई उठून काठीजवळ उभी राहायची आणि हात लावून सांगायची, इथे, माझ्या खांद्याइतका. इथे, छातीइतका. उस्ताद तिथे चाकूनं खाच पाडायचे. खिळा झाडाच्या कोणत्या बाजूला होता त्याच्यासाठी चार खुणा केल्या. गावाकडच्या बाजूला कुंकू, नदीकडच्या बाजूला हळद, रस्त्याकडे चुना, मसणाकडे कोळसा. झाड रस्त्याकडे पडलं होतं आणि कुऱ्हाडीच्या पहिल्या घावांची खोबण त्याच बाजूला होती, त्यामुळे आडव्या ओंडक्यावर बाजू ओळखणं सोपं होतं. खोड जमिनीच्या वर वीतभर राहिलं होतं, तेही त्यांनी वजा धरलं. प्रत्येक बाई खिळा दाखवताना नाव घ्यायची. कुणाची सून, कुणाची नणंद, कुणाचा विहिरीत पडलेला दीर. कितीतरी वर्षांत ती नावं कुणी मोठ्यानं घेतली नव्हती. एक म्हातारी रडली. सासूबाईंनी तिला पाणी दिलं.

बावीस खाचा झाल्या.

"एक कमी हाय," उस्ताद म्हणाले. "दगड तेवीस हायेत."

कुणी काठीकडे पाहत होतं, कुणी जमिनीकडे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तो आमाले नोका विचारू भाऊ. ज्याचा हाय तोच सांगन."

पुढचे दोन दिवस उस्ताद आणि मी पटाशी घेऊन ओंडक्याला भिडलो. काठी लावायची, बाजू पाहायची, आणि खणायचं. बायांची आठवण बोटभराच्या पलीकडे चुकली नाही. पटाशीखाली लाकूड काळं पडलं की समजायचं, आता लोखंड आलं. काही खिळे लाकडात चार चार इंच आत गेले होते, झाडानं गिळून टाकलेले. बावीस खिळे निघाले. ते आम्ही एका टोपलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी जानराव आला, टोपलीकडे पाहिलं आणि नजर वळवली. उस्तादांनी त्याच्या देखत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक बाकी हाय. ज्याचा असन त्यानं मले एकट्याले येऊन सांगावं. मी दुसऱ्याले सांगणार नाई."

कुणी आलं नाही.

सतरा तारखेला उकंडरावांचा धीर संपला. ते आले ते तावातच. आवारात दहा-बारा माणसं होती, जानरावही होता.

"कडूबा, बावीस काढले ना? मंग एकासाठी काय अडलं? एवढ्या मोठ्या लाकडात एक खिळा!"

"पुंज्याले एकच पुरते मालक."

"बारा महिने लाकडं कापतं तू, कधी एखांदा खिळा लागतच असन."

"मालूम नसलेला लागते. मालूम असलेला लागला तं मंग तो खून झाला."

उकंडराव लाल झाले. अख्ख्या आवारात त्यांना असं बोलणारं कुणी नव्हतं. "सभापती सव्वीसले येऊन राह्यले. तुले जमत नसन तं घरी जाय. मी मशीन दुसऱ्याच्या हाती देतो, माणसं लय मिळतात."

मी उस्तादांकडे पाहत होतो. वय पंचेचाळीस, डोळे अधू, करवतीचं काम कुठे राहिलेलं नाही. ती मशीन गेली की त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आणि खरं सांगतो, मला वाटलं की ते आता मान खाली घालतील, मी मागे उभा राहीन, आणि काय व्हायचं ते होईल. मी तर मनात देवाचं नावही घ्यायला सुरुवात केली होती.

उस्ताद भिंतीपाशी गेले, पेटीतून फ्यूज उपसला, आणि उकंडरावांच्या हातात ठेवला.

"हा घ्या. मशीन तुमची हाय. मी जातो घरी." मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, "पुंज्याले घेऊन जातो. हा तुमचा नाई."

आम्ही दोघं फाटकाकडे निघालो. अर्ध्या आवारात गेलो असू तेव्हा मागून हाक आली.

"थांबा उस्ताद."

जानराव ओंडक्यापाशी उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

"माहा हाय तो," तो म्हणाला. "नऊ वर्सं झाली. पयली बायको, पुष्पा. बाळंतपणात गेली. भगत म्हणे, नवऱ्यानंच ठोकावा लागते. मी बैलगाडी झाडाखाली लावली, तिच्यावर उभा राह्यलो अन् वर ठोकला. कोणाले दिसू नये म्हणून वर." तो टोपलीकडे वळला. "मीच मंग लोकाईले सांगत फिरलो का भगताच्या नादी लागू नोका. हे झाड पाडलं ते बी याच्यासाठीच पाडलं. वाटलं, शाळेत जाईन, कोणाले कळणार नाई."

उकंडराव फ्यूज हातात घेऊन तसेच उभे होते.

उस्ताद परत गेले. वाटलं होतं, आता हा माणूस चांगलं झाडणार. झाडायला तोंड होतंच. त्याऐवजी त्यांनी पटाशी आणि मोगरी जानरावापुढे धरली. "कुठं ते तुमाले मालूम. तुमीच काढा सरपंच. मी लाकूड धरतो."

बुंध्यापासून नऊ फुटांवर, मसणाच्या बाजूला. बायांच्या काठीला तिथे खाच पडलीच नसती, कोणत्याही बाईचा हात तिथवर पोचला नसता. आणि नवा असल्यामुळे त्याची शाईही बुंध्यापर्यंत उतरली नव्हती. जानरावाला पटाशी नीट धरता येत नव्हती, तळहाताला फोड आले. अर्ध्या तासानं खिळा निघाला. गाडीच्या चाकाचा, सहा इंची, जाड. जानरावानं तो धोतराच्या टोकानं पुसला आणि टोपलीत न टाकता मुठीत धरून ठेवला.

उकंडरावांनी स्वतः जाऊन फ्यूज पेटीत बसवला. माफी बिफी नाही मागितली, मोठ्या माणसाला ते जड जातं. पण बसवून झाल्यावर ते उस्तादांना म्हणाले, "तुमी सांगसान तवा." अरे-तुरेचं त्या दिवशी अहो-जाहो झालं, ते शेवटपर्यंत राहिलं.

ओंडका चढवला. मी मागे उभा राहिलो. उस्तादांनी पेटीपासून पात्यापर्यंत सगळं नेहमीसारखं तपासलं, ट्रॉलीचे आकडे हलवून पाहिले, मला पाचर दाखवायला लावली, आणि मग बटण दाबलं. पातं लाकडात शिरलं आणि कडुनिंबाचा कडू भुसा माझ्या ओठांवर बसला. पहिला कापा अठरा फूट सरळ गेला. दुसरा कापा सुटला तेव्हा मी फळी ओढून बाजूला घेतली, आणि पाहिलं तर जानरावाच्या खिळ्याचं भोक बरोबर कापलेल्या तोंडावर आलेलं होतं. पातं त्याच्या मधून गेलं होतं. मी त्यात बोट घातलं, ते अर्धं आत गेलं. मी उस्तादांकडे पाहिलं, पण त्यांचा हात वर झाला नव्हता, मग मी पुढची फळी धरायला वाकलो. सबंध ओंडक्यातून सहा तुळया निघाल्या आणि पात्याचा एकही दात गेला नाही.

सव्वीस जानेवारीला नव्या खोलीसमोर मांडव होता. उकंडराव पहिल्या रांगेत. उस्ताद येत नव्हते, रुखमाबाईनं धुतलेला सदरा हातात देऊन त्यांना बळंच पाठवलं. झेंडा झाला. जानराव बोलायला उठला तेव्हा त्याच्या हातात कागद होता, पण त्यानं तो घडी करून खिशात घातला. चिखलीच्या आवारात जे बोलला तेच सगळ्या गावापुढे बोलला, बायकोच्या नावासकट. बाया खोलीत शिरून वर पाहत होत्या. तुळयांवर आम्ही भोकांत बसवलेल्या लाकडी गुल्ल्या दिसत होत्या, आणि प्रत्येकीला आपली गुल्ली सापडत होती. माझ्या सासूबाईंनी मला हात धरून आत नेलं आणि जावेची गुल्ली दाखवली. मग बाकीच्या बायांना म्हणाल्या, "हा माहा जवाई. याच्यापायी बोललो आपण." त्यांनी माझ्याबद्दल अभिमानानं बोलण्याची ती पहिली वेळ. दुसरी अजून यायची आहे.

सभापतींना उस्तादांना भेटायचं होतं. उस्तादांना मांडवात पुढे नेलं. खुर्ची दिली, ते बसले नाहीत. सभापती कौतुकानं म्हणाले, "विजेच्या मशीनवर पाच वर्षं झाली म्हणता. या पाच वर्षांत किती लाकूड कापलं असेल हो तुम्ही?"

उस्तादांनी विचार केला. माझं मन मोठं झालं होतं, मला वाटलं आता ते सांगतील, अमक्या शाळेच्या तुळया, तमक्या देवळाचं दार, चिखलीच्या बाजारातल्या दुकानांचे दरवाजे-चौकटी, आणि हे सगळं खरंच होतं.

"ते नाई मोजलं साहेब," उस्ताद म्हणाले. मग मागे वळून त्यांनी मला गर्दीतून शोधलं, खांद्याला धरून पुढे ओढलं, आणि सभापतींसमोर उभं केलं.

"हा पाहा," ते म्हणाले. "पुरा हाय."